जरा लक्ष ठेवा

दुपारी अडीचची वेळ. मे महिन्यातला मंगळवार. ठिकाण पुण्याच्या पेठेतलं दातार मार्केट, म्हणजे एक बोळ आणि दोन्ही बाजूंना मिळून चौदा दुकानं. तेरा बंद, एक अर्धं उघडं.

मी तिथे भूत बघायला गेले नव्हते. तीस वर्षं मी या शहराच्या बातम्या करतेय. इथे भुतांपेक्षा बिल्डर जास्त आहेत, आणि ते भरदिवसा दिसतात. जुन्या बाजारपेठांतली दुकानं रिकामी का पडतायत, यावर मला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची होती, एवढंच.

कारणं सगळ्यांच्या तोंडावर तयार असतात. गिऱ्हाईक मोबाईलवर मागवतं, गाडी लावायला जागा नाही, लोक वारज्याला राहायला गेले. सगळं थोडं थोडं खरं आहे. पण याच बोळातलं हेमाताईंचं बांगड्यांचं दुकान बंद झालं त्या दिवशीसुद्धा तिथे बायकांची गर्दी होती, मी स्वतः पाहिली. झालं होतं ते असं, की एका कंपनीने अख्खं मार्केट विकत घेतलं आणि एकेका भाडेकरूला उठवलं. कुणाला पैसे देऊन, कुणाचं पाणी तोडून. रिकामा झालेला गाळा पुन्हा कुणाला दिला नाही, कारण नवा भाडेकरू आला की त्याचा हक्क येतो. बंद शटर हक्क सांगत नाही. शेवटचा माणूस उठला, की सगळं पाडायचं.

कंपनीचा विक्रम नावाचा साहेब मला त्याच सकाळी फोनवर म्हणाला, "मॅडम, मार्केटच डेड आहे. आम्ही काय करणार?"

"मारलं कुणी, तेवढं सांगा. नावासकट छापते."

त्याने फोन ठेवला.

शेवटचा माणूस म्हणजे गोपाळकृष्ण लेले. बटणं, लेस, अस्तर, साडीचे फॉल. पेठेतली दुपार तुम्हाला माहीत असेल. शटर निम्म्यावर ओढलेलं असलं, की मालक आत आडवा झालाय असं समजायचं आणि चारनंतर यायचं. मी हाक मारली.

"वाकून या," आतून आवाज आला. "मागे एकाचं डोकं आपटलं, तर शटरला पोचा पडला."

लेले झोपलेले नव्हते. खुर्ची बोळाकडे तोंड करून ठेवली होती आणि समोरच्या बंद शटरांवर त्यांची नजर होती. पंखा बंद. एक हात छातीवर, शर्टाच्या आत, दुखरा दात चाचपावा तसा.

"बरं नाही का?"

"परवा ऑपरेशन आहे. हृदयाचं. दोनदा पुढे ढकललंय, आता डॉक्टर म्हणतात, तिसऱ्यांदा विचारायला येऊ नका, वेळ राहणार नाही. उल्का येतेय रिक्षा घेऊन. माझी मुलगी."

"मग जा ना. वाट कसली बघताय?"

"दुकानाकडे कोण बघणार?"

"अहो, कुलूप लावा!"

"माझ्या दुकानाचं नाही म्हणत मी," लेले म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आधी राग आला. म्हातारा एकटेपणाने भ्रमिष्ट झालाय आणि याला जबाबदार कोण, याचं वाक्यसुद्धा मी मनात जुळवलं.

त्यांचं म्हणणं असं. बोळातला दुकानदार चहाला जावो, बँकेत जावो, शेजाऱ्याला सांगून जातो. जरा लक्ष ठेवा, आलोच. शेजारी हो म्हणतो. परत आल्यावर जाणारा विचारतो, कुणी आलं होतं का? शेजारी काय ते सांगतो. ते ऐकल्याशिवाय परत आलेला गल्ल्यावर बसत नाही. दुकानं कायमची सोडून गेले, तेव्हाही प्रत्येक जण सवयीने लेल्यांना तेच सांगून गेला. जरा लक्ष ठेवा, आलोच. आणि लेले प्रत्येकाला हो म्हणाले.

"दुसरं काय म्हणणार? रडत होती माणसं."

"बरं, मग?"

"मग ते येतात," लेले म्हणाले. "दुपारचे. विचारायला."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं.

बोळ शांत होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, जो पेठेत कधीच थांबत नाही, तो कुणीतरी गोधडीखाली दाबावा तसा दबला. वास आला. आधी गंजक्या लोखंडाचा, मग उदबत्तीचा, मग घड्याळजी वापरतात त्या तेलाचा. समोर बद्रीनाथ घड्याळवाल्याचं दुकान. बद्रीनाथ लोणी काळभोरला भावाकडे गेला आणि गेल्या वर्षी वारला, त्याची बातमी मीच केली होती. त्याचं शटर आतून हललं. जोरात नाही. झोपेतून उठलेला माणूस आधार घेण्यासाठी हात टेकवतो, तेवढंच.

"लेले..." पत्र्यामागून आवाज आला. "कुणी आलं होतं का?"

"नाही रे," लेले म्हणाले. "कुणी नाही."

पलीकडचं शटर. "कुणी आलं होतं का?"

"नाही."

ओळीने. एकामागून एक. काही आवाज थकलेले, काही घाईतले, जसे जिवंतपणी असतील तसे. आणि मग बांगड्यांच्या दुकानातून, काचेच्या बारीक किणकिणीसकट, "लेले, कुणी आलं होतं का हो...?"

हा आवाज मी आठच दिवसांपूर्वी ऐकला होता. हेमाताई. त्या तर जिवंत आहेत! हडपसरला मुलाकडे असतात.

मी त्यांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला.

"झोपले होते हो," हेमाताई म्हणाल्या. "दुपारी डोळा लागला की दुकानातच असते मी. लेल्यांना विचारते. ते म्हणतात, कुणी नाही." मग म्हणाल्या, "आज त्यांच्याजवळ कुणी बसलंय का?"

मी फोन बंद केला.

"उत्तर दिलं नाही तर?"

"एकदा लग्नाला गेलो होतो. चारला आलो तर सगळी शटरं गुडघ्याएवढी वर. कुलपं लावलेली तशीच, खाली कडीत." लेल्यांनी छाती चोळली. "उत्तर मिळालं नाही, तर बघायला बाहेर येतात. कुणाकडे बघतात, ते मला बघायचं नाहीये."

"मग मी..."

"नका बोलू!" ते एकदम ओरडले, आणि ओरडण्यानेच वाकले. "तुम्ही काही बोलू नका, ताई. हे काम मी कुणाला सांगणार नाही. विक्रमला सांगेन एक वेळ. पण तो हो म्हणून विसरेल."

एवढ्यातही माणूस टोमणा मारत होता.

बाहेर रिक्षा वाजली. उल्का आत आली, चाळिशीची, कपाळावर घाम. "बाबा, पुरे आता. चला. तुमचे पाय धरायची वेळ आणू नका माझ्यावर." तिने त्यांना उठवलं. तिचा हात त्यांच्या काखेत, त्यांचा पाय उंबऱ्यावर. वेदनेने त्यांचे डोळे मिटले होते. पन्नास वर्षं उंबरा ओलांडताना जे तोंडातून निघत आलं, तेच निघालं.

"जरा लक्ष ठेवा... आलोच."

आणि मी, पेठेतच वाढलेली, आईने किराणा आणायला पाठवलेल्या पोरीसारखी म्हणाले, "हो. या तुम्ही."

लेल्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. इतकी कीव माझी आजवर कुणी केलेली नाही.

"अहो, नाही म्हणायचं होतंत," ते म्हणाले. "ताई, नाही म्हणायचं..."

रिक्षा गेली. शटर मीच ओढलं, कुलूप लावलं, किल्ली उल्काला पोचवली.

ते गुरुवारी टेबलावरच गेले. उल्का म्हणते, महिनाभर आधी आले असते तर वाचले असते. तिला काय सांगू? बातमी मी लिहिली. संपादकांनी कंपनीचं नाव काढलं आणि मथळा दिला, बदलत्या काळाचे बळी. मी भांडले. मी नेहमीच भांडते.

कंपनीने आठवड्याभरात चौदाही शटरं बाहेरून वेल्डिंग करून टाकली. मी रोज दुपारी जाते. रजा संपल्या, आता बिनपगारी जाते. बोळाच्या तोंडाशी एक पायरी आहे, मागे दुकान नसलेली, तिच्यावर बसते आणि नाही म्हणते, कुणी नाही, कुणी नाही. तेरा जणांना सांगून होतं. मग थोडा वेळ काही नसतं. मग लेल्यांच्या शटरमागून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि ते विचारतात. मला ओळखत नाहीत. बाकीच्यांसारखंच विचारतात.

पुढच्या सोमवारी मार्केट पाडणार आहेत, भर दुपारी. शटरंच नसतील तर ही माणसं कुठे येऊन उभी राहतील, ते मला माहीत नाही. मी फार दमलेय. पण हे मी तुम्हाला फक्त सांगतेय, विचारत नाहीये. फरक लक्षात घ्या, आणि मला हो म्हणू नका.

एक गोष्ट मात्र मी कंपनीला तीनदा लेखी विचारलीय. दुकान उघडलं की दुकानदार आधी पायरी झाडतो आणि तिच्यावर पाणी मारतो. दातार मार्केटचं पाणी तोडून दीड वर्ष झालं, वेल्डिंग कुठेही तुटलेलं नाही. तरी रोज चारच्या ठोक्याला चौदाही दुकानांच्या पायऱ्या झाडलेल्या आणि ओल्या असतात. परवापासून, मी बसते ती पंधरावी पायरीही.