त्रेसष्ट झाडांचा रस्ता

"काय मेलं शहर आहे! दीड महिना झाला, एक माणूस आपणहून बोलला असेल तर शपथ. खिडकी उघडली तर मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. आई, मी येते परत. प्रवेश रद्द करायचा अर्ज भरून ठेवलाय. महिनाभर मुदत आहे, तेवढ्यात…"

"अहो, तुमचं झालं की जरा सांगाल?" झाडातून आवाज आला.

मी फोन कानाला तसाच धरून मागे सरले. परक्या देशात झाड मराठी बोलायला लागल्यावर दुसरं काय करणार? मग बुंध्यामागून एक चेहरा डोकावला. चष्म्यावर रिमझिम पावसाचे थेंब, कानामागे पेन्सिल.

"माझ्या टेपचं टोक तुमच्या पायाखाली आहे," तो म्हणाला. "पाच मिनिटं थांबलो. पण तुमची यादी काही संपेना."

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"खिडकीपासून. बिजागरीत दोन थेंब तेल घाला. अर्ज भरण्यापेक्षा सोपं आहे ते."

अस्सा राग आला! पण आईशिवाय कुणीतरी माझ्याशी मराठीत बोललं होतं, त्यामुळे तो राग फार टिकला नाही.

तो दोन वर्षांपूर्वी माझ्यासारखाच शिकायला आलेला. विषय वनस्पतिशास्त्र. दर रविवारी तो नगरपालिकेसाठी रस्त्यावरची झाडं मोजायचा. काम दोघांचं. एकाने छातीच्या उंचीवर टेपचं टोक दाबून धरायचं, दुसऱ्याने बुंध्याला वळसा घालून आकडा वाचायचा. त्याचा जोडीदार पाय मुरगळून घरी बसला होता. "एकच झाड," तो म्हणाला. टोक त्याने धरलं, वळसा मी घातला. एकाची अकरा झाडं कधी झाली, कळलंही नाही.

पुढच्या रविवारीही गेले. खोलीत बसून भिंती बघण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला बजावलं होतं.

आणि काय सांगू, शहर बोलायला लागलं! इथे प्रत्येक झाडाला नंबर असतो, पत्र्याच्या छोट्या चकतीवर. आम्ही टेप काढली की शिंपीणबाई सुईदोऱ्यासकट दुकानाबाहेर यायची. "आमच्या दोनशे चौदाची तब्येत कशी आहे?" एक निवृत्त मास्तर रोज बादलीभर पाणी घालायचे आणि आम्ही नीट मोजतो ना, ते बघत उभे राहायचे. मुळांनी फरशी उचलली, तर लोकांनी फरशी कापून मुळांना वाट करून दिलेली. मी ज्यांना घुमी म्हणत होते, ती माणसं झाडाचा विषय निघाला की थांबायचीच नाहीत. मी थक्क होऊन ऐकत राहायचे.

"काय तक्रारखिडकी, आज काय म्हणतंय शहर?" तो विचारायचा.

"खिडकी आज बंद आहे."

"म्हणजे तेल घातलंस तर!"

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनीही विचारलं नाही.

चौथ्या रविवारी तो चष्मा पुसत होता आणि मी सहज त्याची वही चाळली. झाडांचे पाच वर्षांपूर्वीचे आकडे शेजारी लिहिलेले. तेव्हा एकशे बावन्न, आता एकसष्ट. तेव्हा एकशे तीस, आता त्रेपन्न.

"अगं बाई! झाडं बारीक झाली?"

मग टेप उलटून पाहिली. एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला इंच. मी बाईसाहेब अख्खा रस्ता इंचांत वाचत आले होते. त्रेसष्ट झाडं!

"तुला कळलं नाही?"

त्याचे कान लाल झाले. "तिसऱ्याच झाडाला कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं… परत मोजावी लागतील. तेवढेच दोन रविवार जास्त."

आतून इतकं गोड वाटलं, की त्याचाच राग आला. "शुक्रवारी अर्जाची मुदत संपतेय. तो दिला असता म्हणजे?"

तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "तू राहावंस असं फार वाटतं मला. पण माझ्यासाठी राहू नकोस. शहरच नकोसं असेल, तर मी एकटा तुला किती दिवस पुरणार?"

टेप त्याच्या हातात कोंबून मी तरातरा निघून आले.

शुक्रवारी अर्ज घेऊन विद्यापीठाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले होते, तेवढ्यात आईचा फोन.

"दिलास का गं अर्ज? बाबांनी तुझी खोली रंगवून घेतलीय. ये बाई. कसलं ते कोरडं शहर! माणुसकी म्हणून नाही तिथल्या लोकांना."

"आई, उगाच नावं ठेवू नकोस हं!" मी इतक्या जोरात म्हटलं की आतल्या कारकून बाईने मान वर केली. "तुला काय माहीत? झाड वाळलं तर अख्खी आळी चौकशीला येते इथे. काल मी धावताना दिसले तर ड्रायव्हरने बस थांबवली. आणि शिंपीणबाई…"

"अगं, पण हे सगळं तूच सांगितलं होतंस ना?"

"तेव्हा मला कुठे काय माहीत होतं!"

पलीकडे आईने नाक ओढलं. "म्हणजे राहतेस तू."

"हो गं… राहते."

"मग रडतेस कशाला?"

"तू रडतेस म्हणून."

दोघी रडता रडता हसलो. अर्ज फाडून मी तिथल्याच टोपलीत टाकला.

रविवारी तो त्याच रस्त्यावर एकटाच होता. टेपचं टोक चिकटपट्टीने बुंध्याला लावून वळसा घालायचा, आणि अर्ध्यावर पोचला की चिकटपट्टी सुटायची. दोनदा मी मजा बघितली. तिसऱ्यांदा टोक दाबून धरलं.

"तू… गेली नाहीस?"

"आधीच सांगते, तुझ्यासाठी राहिले नाही. शहरासाठी राहिले."

"बरं," तो म्हणाला. चेहरा उतरला होता, तरी हसला. "हेही पुष्कळ आहे."

"पुरतं ऐकून तरी घे! राहायचं माझं मी ठरवलं. आता तुझ्यावर कसलं ओझं नाही, म्हणून सांगते… तू मला आवडतोस. फार आवडतोस."

बुंध्याला वळसा घालून त्याचा ओला, गार हात आला आणि माझ्या हातावर थांबला.

"आकडा किती?" थोड्या वेळाने मीच विचारलं.

"बघितलाच नाही."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमची फक्त चार झाडं झाली.