आडवं झाल्यावर सहा

माझ्या आईच्या बोटाला लावलेलं यंत्र रोज सकाळी ९७ दाखवायचं आणि आई रोज सकाळी डोकं धरून बसायची. आडवी झाली की जीव घाबरायचा, म्हणून झोपायची खुर्चीतच. रक्तात ऑक्सिजन पुरेसा, मग श्वास का पुरत नव्हता? या कोड्याचं उत्तर आमच्या घरात प्रत्येकाकडे होतं, आणि प्रत्येकाचं चुकलं होतं.

आई एके काळी जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाई करायची. तिचे वडील, आमचे आबा, तिचे प्रशिक्षक. "दम गेलाय तुझा, दुसरं काय! सराव सोडला की असंच व्हायचं," म्हणत ते तिला अंगणात पळवायचे. आरोग्य केंद्राचा घरोघर फिरणारा रोबो ९७ बघून हिरवा दिवा लावायचा नि पुढच्या घरी जायचा. त्याचं नाव चौकस. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आणि मी? जिन्यात ती कठडा धरून थांबली की म्हणायचे, "आई, नाटकं पुरे." मी अकरा वर्षांची होते, पण हे काही कारण नव्हे.

एका श्वासात 'कबड्डी' किती वेळा म्हणता येतं, हे आबा सगळ्या पोरांना बसवून मोजायचे. एका रविवारी मी तसंच आईचं मोजलं. एकोणीस. मग पाठ टेकायला ती जरा आडवी झाली, तेव्हा गंमत म्हणून पुन्हा मोजलं. सहा. परत मोजलं, तरी सहाच. श्वास घेताना तिचं पोट फुगायच्या ऐवजी आत जात होतं. मी घाबरून चौकसला बोलावलं.

"फुप्फुसांना हवा ओढायला स्वतःचे स्नायू नसतात," तो म्हणाला. "खाली श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू) असतं. ते खाली सरकलं की हवा आत येते. ताईंना स्नायूदाह (शरीराची संरक्षक फौज आपल्याच स्नायूंवर चालून जाते असा दुर्मीळ आजार) असावा. पाय थकले, तसं श्वासपटलही थकलं. आडवं झालं की पोटातले अवयव त्याला आणखी वर ढकलतात."

"मग ९७ कसे?"

"भात्याची पिशवी शाबूत आहे, ओढणारा हात थकलाय. ऑक्सिजन कसाबसा आत येतो, पण कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो साचतो, म्हणून सकाळी डोकं दुखतं. बोटावरचं यंत्र तो मोजत नाही."

"आणि तूही मोजला नाहीस. सहा महिने!"

"नाही मोजला," चौकस म्हणाला आणि त्यानं हिरवा दिवा विझवला. आबा पायरीवर बसून राहिले. "मी पळवलं रे तिला," एवढंच म्हणाले.

रुग्णालयात तपासण्या झाल्या, निदान तेच निघालं. आता औषधं चालू आहेत, आणि झोपताना श्वासाला हात देणारं मास्कचं यंत्र. आडवं झाल्यावरचा आकडा अकरावर आलाय. लवकर आणलं असतं तर बरेच स्नायू वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. चढाई आता कधीच नाही. चौकस मात्र हल्ली ज्याला दम लागतो, त्याला झोपवूनही मोजतो. परवा शेजारच्या आळीतल्या एका काकांचा आजार त्याला वेळेत कळला.

सगळे माझं कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही. काल मी आईची माफी मागितली आणि रडायला लागले.

तिनं मास्क बाजूला केला, श्वास गोळा केला आणि म्हणाली, "नाटकं पुरे."

ती हसली. मला हसता आलं नाही.