लेखी विचारा

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा त्याला बायको होती. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा नव्हती, आणि मधे चारच दिवस गेले होते!

डेनीशा पोर्टरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. भाड्यासाठी बघितलेल्या पहिल्या घरी तो एजंटला सांगत होता, "मी अकाउंटंट, बायको शाळेत शिकवते." दुसऱ्या घरी म्हणाला, "एकटाच आहे. बस चालवतो." माणूस मात्र तोच. तीच हिरवी छत्री, डाव्या गालावर तीच खळी. खळी आपल्या लक्षात राहिली याचा तिला स्वतःचाच राग आला.

बाल्टिमोरमध्ये घर शोधणाऱ्या बाईला संशय परवडतो, भोळेपणा नाही. अर्जाची फी उकळून पसार होणारे दोन भामटे तिला आधीच भेटले होते. सात वर्षं यादीत थांबून तिला सरकारी व्हाउचर मिळालं होतं. भाड्याचा मोठा भार सरकार उचलणार, पण मुदतीत घरमालकाच्या सहीचा फॉर्म ऑफिसात पोचला तरच. मुदत शुक्रवारी संपत होती. नाहीतर व्हाउचर रद्द, आणि ती नि तिची सहा वर्षांची मुलगी नायला पुन्हा मावसबहिणीच्या सोफ्यावर. व्हाउचर आहे म्हणून घर नाकारायला शहरात कायद्यानं बंदी; त्यामुळे नाकारत कुणीच नाही. "आजच सकाळी गेली हो जागा," म्हणतात, आणि इतकं गोड हसतात की आपणच खोटे आहोत असं वाटावं.

बुधवारी तिसरं घर. दोन खोल्या, दुसरा मजला, पुढे पांढऱ्या संगमरवराच्या तीन पायऱ्या आणि कोपऱ्यावरच नायलाची शाळा. एजंटबाईंनी 'व्हाउचर' ऐकलं मात्र...

"अगंबाई! आजच सकाळी गेली हो."

"पण बाहेर पाटी आहे."

"काढायची राहिली."

बाहेर पाऊस कोसळत होता. डेनीशा समोरच्या बर्फगोळ्याच्या टपरीच्या छपराखाली उभी राहिली. तेवढ्यात हिरवी छत्री आली आणि त्याच तीन पायऱ्या चढून आत गेली. वीस मिनिटांनी तो बाहेर पडला, त्याला ती दिसली. तो सरळ छपराखाली आला आणि त्यानं दोन बर्फगोळे घेतले.

"बायको कशी आहे?" तिनं विचारलं.

तो दचकला... मग खळी पडली. "कुठली?"

"अकाउंटंटची."

"ती बस ड्रायव्हरला सोडून गेली."

"नाव काय तुमचं? आजचं?"

"आजचं... कोल." त्यानं एक गोळा पुढे केला. तिनं तो हुंगून घेतला.

"अजून फी मागितली नाहीत."

"मला काहीच नको."

"काही न मागणारेच जास्त महागात पडतात. ती जागा देतायत ना तुम्हाला?"

खळी विरली. "ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे आहे जागा!"

"मी तसं म्हटलं नाही."

"माझ्या मुलीची शाळा आहे तिथे, त्या कोपऱ्यावर! मला दोनच दिवस उरलेत—" तिचा आवाज फुटला. परक्यासमोर रडू आलं म्हणून ती आणखीनच चिडली.

त्यानं समोरच्या पाटीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "जागा गेली, हे तुम्हाला तोंडी सांगितलं की लेखी?"

"तोंडी."

"मग लेखी विचारा. आजच. तारीख, वेळ, व्हाउचर, सगळं लिहून. कागदावरचं खोटं पुरावा ठरतं."

"यात तुमचा काय फायदा?"

"तोटाच आहे," तो म्हणाला, आणि छत्री तिच्याजवळ ठेवून भर पावसात चालू पडला.

तिनं छत्री उघडून, उलटी करून पाहिली. आत काहीही नव्हतं. मग तिनं तिथेच उभ्या उभ्या फोनवर ईमेल लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. 'गैरसमजाबद्दल क्षमस्व. जागा उपलब्ध आहे.' शुक्रवारी तीन वाजता फॉर्मवर ऑफिसचा शिक्का पडला आणि डेनीशा खिडकीतल्या कारकुनासमोर ढसाढसा रडली.

पुढे सरकारी तपासनीस आला. त्यानं नळ, खिडक्या, धुराचा अलार्म सगळं पाहिलं आणि घर पास केलं. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी ती राहायला आली. आठवड्याभरानं दार वाजलं. पायरीवर तो, हातात दोन वितळते बर्फगोळे.

"छत्री न्यायला आलो," म्हणत त्यानं एक गोळा तिच्या हातात दिला.

"मी इथे राहते, हे कुणी सांगितलं?"

"छत्रीनंच. खिडकीत वाळत घातलीय... आणि पाऊस आठवडाभर नाही."

डेनीशाचे कान तापले.

मग त्यानं सांगितलं. तो एका संस्थेसाठी भाडेकरूचं सोंग घेऊन घरं बघत फिरायचा. मालक कुणाला हो म्हणतात आणि कुणाला नाही, ते टिपून आणायचा. "तुमच्यानंतर मला त्यांनी तीच जागा दाखवली. पण खऱ्या भाडेकरूशी त्याबद्दल बोलायची मनाई असते. मी बोललो, आणि संस्थेत जाऊन कबूलही केलं. ते काम गेलं. आता नुसती बस चालवतो. ती खरीच चालवतो."

"कार्ड दाखवा."

त्यानं लायसन्स दिलं. ऑब्री गेन्स. तिनं ते उजेडात धरलं आणि फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला, जरा गरजेपेक्षा जास्तच वेळ.

"आधीच्या मालकिणीची काही तक्रार?"

"आजवर कुणी ठेवूनच घेतलं नाही."

"पाहुण्याला इथे चौदा दिवसांच्या वर राहता येत नाही. करारात आहे."

"मला अजून पायरीवरसुद्धा बसवलेलं नाही." तो हसला, मग बेलवरचं तिचं नाव वाचून गंभीर झाला. "डेनीशा... दुसऱ्या घरीही संस्थेनं मला बायको दिली होती. कागदावर होती. पण तू तिथे उभी होतीस... आणि तोंडातून बायको निघेचना."

तिच्या हातातला गोळा वितळून मनगटावर ओघळला. तिला कळलंच नाही.

"तुझ्याकडे..." तो अडखळला, "माझ्यासाठी थोडी जागा—"

"तोंडी नको," ती म्हणाली. "लेखी विचार."

त्यानं खिशातून पेन काढलं, पायरीवर बसून बसच्या जुन्या वेळापत्रकामागे एक ओळ लिहिली आणि कागद तिला दिला. तिनं तो दोनदा वाचला. उलटून पाहिला. कुठे बारीक अक्षरात काही लपवलेलं नाही ना, याची खात्री करून घेतली.

मग त्याच्या शेजारी बसली, त्याच्या हातातलं पेन घेतलं, आणि खाली सही केली.