शेखरचा हुंदका

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. शिशिर पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्याशी कडाकडा भांडले. चूक त्याची होती, हेही सांगते.

नव्या रायपुरातले रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस मात्र येईल तेव्हा येईल. ऑगस्टची दमट दुपार कलत होती. ऑफिस सुटलं होतं आणि स्टॉपवर आम्ही दोघंच होतो. तो बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. काळा टी-शर्ट, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं – ‘भट्टी’. मला वाटलं, वा, आपल्या भनपुरीच्या बँडचा चाहता! पस्तीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या पाच पोरांनी काढलेला आमचा रॉक बँड. मी गालातल्या गालात हसलेसुद्धा. मग तो बस बघायला वळला आणि त्याची पाठ दिसली.

पाठीवर लिहिलं होतं – ‘शेखर के बाद सब झेरॉक्स’.

“ओ भैया,” मी म्हटलं, “हे मागे काय लिहून ठेवलं?”

तो दचकला. मग हसला... आणि हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडली. मी ती पाहिली नाही असं दाखवलं.

“फैन हो क्या आप भी?”

“मराठी येते?”

“समजती है। घर में आई मराठी बोलती है, मैं हिंदी में जवाब देता हूँ।”

“मंग आज मराठीत दे. मले मराठीतच भांडता येते.”

त्यानं होकारार्थी मान डोलावली, बॅग मांडीवर घेतली आणि नीट बसला. “हव. भांडा. पण भैया नका म्हणू... शिशिर म्हणा.”

“आधी झेरॉक्सचं बोला.”

आणि तो बोलत सुटला. अडखळत, मध्येच हिंदीत घसरत, पण असा जीव ओतून की बस आली, आम्ही चढलो, तेलीबांधा आलं तरी त्याचं संपेना. शेखर म्हणजे बँडचा पहिला गायक. आठ वर्षं गायला आणि मस्कतला नोकरीवर गेला. त्याच्या जागी निरंजन आला, तो बारा वर्षं गायला. मग लोकेश. यंदा लोकेशनंही बँड सोडला.

“चौऱ्याण्णवची कॅसेट ऐकली का तुम्ही? विश्वकर्मा पूजेच्या प्रोग्रामची?” शिशिर म्हणाला. “‘तीसरी पाली’ गाणं, तिसऱ्या शिफ्टचं. त्यात पा आणि ली च्या मधात शेखरचा श्वास तुटते. एवढासाच. आम्ही त्याले शेखरचा हुंदका म्हणतो. मैदानातले लोक रडले होते म्हणे. निरंजननं जिंदगीभर तोच हुंदका कॉपी केला. आता कॉपी करून राहिला म्हणजे झेरॉक्सच ना?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कारण निरंजन माझे बाबा.

पण मी सांगितलं नाही. स्टेजवर त्यांनी खोब्रागडे हे आडनाव कधी लावलं नव्हतं, त्यामुळे माझ्या नावावरून कोणाला कळायचं कारण नव्हतं. शिवाय शिशिर पुढे जे म्हणाला, ते मला आधी पुरतं ऐकायचं होतं. यंदा पस्तिसावं वर्ष. पूजेच्या कार्यक्रमात समोर कोण गाणार, हे बँडवाल्यांनी चाहत्यांवर सोडलं होतं. एकतर निरंजनला परत बोलवायचं, नाहीतर भिलाईचा भार्गव नावाचा नवा पोरगा घ्यायचा. चाहत्यांच्या बैठकीत, दोन रविवारांत ठरणार होतं.

बाबा जूनमध्ये वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झाले होते. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. बाराही वर्षं त्यांनी एकच वाक्य ऐकलं होतं – शेखर असता तर. घरी पाहुणे आले, कोणी गाण्याचा विषय काढला, की ते म्हणायचे, “मी तर बदलीवर होतो, दुसऱ्याच्या जागी.” मला ते वाक्य सहन व्हायचं नाही. एकदा, फक्त एकदा, त्यांनी त्यांच्याच नावानं त्या मैदानावर उभं राहावं आणि कोणी ‘शेखर’ म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

“मी येऊ शकते का तुमच्या बैठकीले?” मी विचारलं.

“भांडायला?”

“बघू.”

“मंग नक्की या,” तो म्हणाला, माझं नाव आणि नंबर फोनमध्ये घेतला, आणि खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसला.

बैठक भरते यज्ञेश्वर काकांकडे. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान शंकर नगरला आहे. रविवारी सकाळी मागच्या खोलीत पंचवीसेक चाहते जमले होते. मिशा पिकलेले कामगार होते, कॉलेजची पोरं होती, दोन शिक्षिका होत्या. यांची एक पद्धत आहे, ती मला त्या दिवशी कळली. वाद वाढला की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. टेप लावणारा एकटा मागे थांबतो. गायक कोण ते ओळखायचं, पण दुसऱ्याचा चेहरा बघून मत बनवायचं नाही. टेप लावायचं काम शिशिरचं होतं, कारण जुन्या कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर घ्यायचा त्याचा धंदाच होता.

“नवीन दीदी आल्या,” काका म्हणाले, “त्यांच्यासाठी चौऱ्याण्णव लाव. देवाचा आवाज ऐकू द्या त्यांले.”

मी भिंतीकडे तोंड केलं. समोर चुन्याचे पोपडे होते, आणि कानात ते गाणं आलं.

आता ते सांगते, जे त्या खोलीत माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. चौऱ्याण्णवच्या पूजेदिवशी शेखरचा घसा पार बसला होता. हजारो माणसं मैदानात. तेव्हा बाबा बँडचे बॉक्स उचलायचे, वायरी जोडायचे. ते मोठ्या स्पीकरच्या मागे माइक घेऊन बसले आणि अख्खा कार्यक्रम गायले. शेखर समोर ओठ हलवत राहिला. मैदानातल्या माणसांनी शेखरला पाहिलं आणि बाबांना ऐकलं. शेखरनं त्या दिवशी बाबांकडून शब्द घेतला, कधी बोलायचं नाही. बाबांनी तो पाळला. बँडच्या बाकीच्यांनीही तोंडं शिवून घेतली. पुढे बाबा समोर आले तेव्हा त्याच लोकांनी त्याच आवाजाला नक्कल म्हटलं. आणि तो हुंदका? वेल्डिंगच्या धुरानं बाबांचा दम तेवढाच पुरतो. ‘पाली’ त्यांना एका श्वासात कधी म्हणताच आली नाही.

मला हे बाराव्या वर्षी कळलं, तेही बाबा तापात बडबडले म्हणून. बरे झाल्यावर त्यांनी माझ्याकडूनही शब्द घेतला.

गाणं संपलं. सगळे एका सुरात ओरडले, “शेखर!” मी ओढणीनं डोळे पुसले आणि बाहेर आले.

शिशिर मागोमाग आला. दुकानासमोर गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला होता. त्यानं न विचारता पानांचे दोन दोने मागितले, एक माझ्या हातात दिला.

“सगळ्यांच्या पाठी दिसतात मला,” तो हळूच म्हणाला. “तुमची पण दिसली.”

“चांगली होती का?”

“हो... म्हणजे, तसं नाही...” त्याचे कान लाल झाले. “हुंदका यायच्या आधी तुमचे खांदे वर गेले. तुम्ही त्याच्यासोबत श्वास घेतला. मी हे गाणं हजार वेळा ऐकलं, माझे नाही जात.”

मी एक गुपचुप अख्खी तोंडात कोंबली, म्हणजे बोलावं लागू नये. पाणी फार तिखट होतं. डोळ्यांतलं पाणी त्याच्या नावावर खपून गेलं.

“तुम्ही कोण आहात, यामिनी?”

“निरंजनची पोट्टी,” मी म्हटलं. “झेरॉक्सची.”

त्याच्या हातातला दोना कलंडला. बिचाऱ्याच्या पँटवर सगळं पाणी. मला हसू यायला नको होतं, पण आलं.

चार दिवस त्याचा फोन नाही. पाचव्या दिवशी तो स्टॉपवर उभा होता. साधा पांढरा शर्ट, डोळे सुजलेले.

“शेखरच्या आठही वर्षांच्या टेपा ऐकल्या,” तो म्हणाला. “सत्तावीस आहेत. ‘तीसरी पाली’ अठरा वेळा आहे. हुंदका फक्त एकात आहे. चौऱ्याण्णवमध्ये. बाकी सतरा वेळा तो सरळ म्हणून जातो... आणि निरंजन काकांच्या प्रत्येक टेपमध्ये आहे. प्रत्येक.” तो थांबला. “ते काकाच आहेत ना?”

हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. तोही बघत राहिला, पापणी न हलवता.

“मले काही माहीत नाही,” मी म्हटलं.

“यामिनी...”

“बाबांनी शब्द दिला आहे. मी पण. आता तू विचारू नको, नाही तर मी रडीन आणि मले रस्त्यावर रडायला आवडत नाही.”

‘तू’ कधी म्हटलं गेलं, मला कळलंही नाही. त्याला मात्र कळलं. तो बाकावर माझ्या शेजारी बसला, मधे बॅग ठेवून. मग त्यानं बॅग उचलून पलीकडे ठेवली.

“नाही विचारत,” तो म्हणाला. “पण रविवारी काकांले घेऊन ये. कसंही करून.”

“काहून? त्यांच्यासमोर अजून एकदा झेरॉक्स म्हणायला?”

“तुले माझ्यावर भरोसा नाही?”

“तुझ्या पाठीवर जे लिहिलं होतं, ते मी वाचलं आहे.”

“मंग आता तोंडावर बघ,” तो म्हणाला. खळी नव्हती. मी बघितलं, आणि मला तो तेव्हा फार आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी मी बाबांना रेडिओ दाखवायच्या निमित्तानं नेलं. आमचा जुना रेडिओ छातीशी धरून ते दुकानाच्या दारातच उभे राहिले. आतून वाद ऐकू येत होता. भार्गवचा आवाज कोवळा आहे. निरंजनचं वय झालं. दोघंही शेखरच्या पायाच्या धुळीइतके नाहीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “चाल पोरी, घरी जाऊ.”

“पाच मिनिटं, बाबा.”

आत शिशिरनं टाळी वाजवली. “भिंतीकडे तोंड करा. आज दोन टेपा. दोन्हीचा गायक सांगा.”

आधी चौऱ्याण्णव वाजली. “शेखर!” सगळे ओरडले. मग दुसरी लागली. तेच गाणं, दुसरं मैदान, दुसरं वर्ष. मागचा गोंगाट, शिट्ट्या त्यानं सगळ्या साफ करून टाकल्या होत्या, नुसता आवाज ठेवला होता. पा... श्वास... ली.

“शेखर!” कोणी म्हणालं, “हे तर त्याहून भारी!” यज्ञेश्वर काका भिंतीवर हात टेकवून मान डोलावत होते.

“वळा,” शिशिर म्हणाला. “दुसरी टेप दोन हजार तीनची आहे. शेखर तेव्हा मस्कतमध्ये होता. हे निरंजन खोब्रागडे आहेत.”

एका म्हाताऱ्या कामगारानं चष्मा काढून पुसला.

“ग्रुपवर चार वर्षं झेरॉक्स-झेरॉक्स लिहिणारा मी होतो,” शिशिर म्हणाला. तो मराठीतच बोलत होता, एकही शब्द हिंदीत न घसरता. “टी-शर्ट मीच छापले. मले कान आहेत असा माझा गर्व होता. माझे कान चुकले. सगळ्यांसमोर माफी मागतो.”

“अन् पहिली?” यज्ञेश्वर काकांनी विचारलं. ते आता हळूहळू बोलत होते, एकेक शब्द मोजून. “दोन्ही आवाज एकच वाटले मले, शिशिर. पहिली टेप कोणाची?”

शिशिरनं दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच दाराकडे पाहिलं आणि बाबा त्यांना दिसले, रेडिओ छातीशी धरलेले. एका शब्दात तीस वर्षांचा हिशेब मिटला असता.

“स्टेजवर शेखर होता,” बाबा म्हणाले. “तो दिवस त्याचा होता. त्याचाच राहू द्या.”

कोणाला काय कळायचं ते कळलं. यज्ञेश्वर काका पुढे आले, बाबांच्या हातातून रेडिओ काढून घेतला, टेबलावर ठेवला, आणि मग बाबांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. “निरंजन भाऊ,” ते म्हणाले, “पूजेले गाल का? शेखरसाठी नाही. आमच्यासाठी.”

“गाईन,” बाबा म्हणाले. “पण मधात श्वास घेईन. दम तेवढाच आहे.”

टाळ्या अशा वाजल्या की गुपचुपवाला ठेला सोडून बघायला आला. माझे बाबा ताठ उभे होते. सहा फूट नाहीत ते, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागलं. त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या रायपुरात नाही, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

गर्दी थोडी पांगली तसे त्यांनी टेपजवळ उभ्या असलेल्या शिशिरकडे बोट केलं. वायरींचा गुंता सोडवण्याचं नाटक करत तो आमच्याकडेच बघत होता.

“हा पोट्टा कोण?” बाबांनी विचारलं. “एवढ्या लोकांत स्वतःची चूक सांगायला छाती लागते.”

सगळे ऐकत होते. दोन्ही शिक्षिकाही. मला लाज वाटायला हवी होती, पण त्या दिवशी माझ्यात लाजेला जागाच उरली नव्हती.

“हा माहा आहे, बाबा,” मी म्हटलं.

शिशिरच्या हातातल्या वायरी खाली पडल्या. खळी आली, गेली, परत आली. बाबा त्याच्याकडे बघत थांबले होते.

“हव,” शिशिर म्हणाला.