मधमाश्यांना दिलेली खबर

थर्झा आत्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेली आणि जाताना आपलं घर, बाग आणि बागेतल्या अकरा मधपेट्या माझ्या नावावर करून गेली. मृत्युपत्र लडलो गावच्या लायनेल पार्डो नावाच्या सॉलिसिटर वकिलाकडे होतं. माणूस सज्जन, बूट चकचकीत, कागदांत मात्र ठार आंधळा. पहिल्याच पत्रात त्यानं बागेच्या जागी तळं लिहिलं. दुसऱ्यात ते तळं शेजारणीला देऊन टाकलं.

मृत्युपत्रातलं सातवं कलम असं होतं: माझ्या मधमाश्यांना रीतीप्रमाणे खबर द्यावी. आमच्याकडे मालक गेला की घराच्या किल्लीनं पेटीवर तीनदा टकटक करतात आणि कोण गेलं, आता मालक कोण, हे माश्यांना सांगतात. अंमलबजावणी पार्डोकडे, म्हणून खबरही त्यानंच दिली. मी तेव्हा कंबर धरल्यामुळं अंथरुणात होतो. आठवड्यानं कागदाची प्रत आली. 'मृत: एनॉक बेडोज. वारस: थर्झा बेडोज.' खाली शेरा: 'वाचून दाखवले.'

एनॉक बेडोज म्हणजे मी.

मी फोन केला. "अहो पार्डोसाहेब, तुम्ही मला मारलंत की!"

"लेखनिकाची चूक, मिस्टर बेडोज. रकाने उलटे पडले. पुढच्या टपालानं दुरुस्ती पाठवतो."

"आणि माश्यांचं काय?"

"माश्या कायद्यानं पक्षकार नाहीत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुरुस्ती आली, तीही चुकीची. मी ती तांबड्या शाईनं सुधारून परत पाठवली. मग दुसरी आली. असे दहा कागद झाले. दहाव्याबरोबर चिठ्ठी होती: 'प्रिय मिस बेडोज, आपल्या पुतण्याच्या निधनाबद्दल मनापासून सहानुभूती.'

मी हसलो. पण त्या शनिवारी पबमध्ये मालकानं माझ्या मागच्या माणसाला ग्लास भरून दिला, मग त्याच्या मागच्याला. म्हटलं, गर्दी आहे. दुसऱ्या दिवशी गर्दी नव्हती. घरी माझी कुत्री फ्लॉस दारात बसून माझ्यातून पलीकडे रस्त्याकडे बघत राहिली. वाट पाहत असल्यासारखी.

ऑक्टोबर लागला. एका सकाळी आत्याच्या बागेत गेलो. गवतावर दाट दंव होतं. पेट्यांपर्यंत चालत गेलो आणि मागे वळून पाहिलं.

माझ्या खिळ्यांच्या बुटांचा एकही ठसा नव्हता.

दुसरे ठसे होते. लहान पावलांचे, आणि प्रत्येक पावलाशेजारी काठीचं एकेक भोक. घराच्या दारापासून पेट्यांपर्यंत, आणि परत दारापर्यंत. दाराला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. उघडून आत गेलो. चुलीवरची किटली कोमट होती.

पलीकडे डिलिस प्रीस राहते, आत्याची साठ वर्षांपासूनची मैत्रीण. तिच्या कुंपणाशी उभा राहून मी चार हाका मारल्या, तेव्हा कुठं तिनं मान वर केली. बघत मात्र होती माझ्या कानाच्या जरा बाजूला.

"एनॉक, तूच आहेस ना रे? किती विरलास! जुन्या पडद्यासारखा."

मी सगळं सांगितलं.

"त्या गाढवाला म्हणावं, ये इकडं," ती म्हणाली. "ज्या तोंडानं सांगितलं त्याच तोंडानं फिरवायला हवं. आणि थंडी पडायच्या आत. एकदा माश्या उबेसाठी पेटीत गोळा होऊन बसल्या की वसंतापर्यंत त्या कुणाचं ऐकत नाहीत. तोवर तू टिकशील असं मला दिसत नाही."

मी लडलोला जाऊन पार्डोच्या ऑफिसात तीन तास बसलो. कुणी वर पाहिलं नाही. शेवटी डिलिस स्वतः गेली आणि तिनं त्याच्या टेबलावर छत्री आपटली.

गुरुवारी पार्डो आला, दंवातून बूट जपत, घड्याळ बघत. मी शेजारीच उभा होतो. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मिस्टर बेडोज आले नाहीत वाटतं?"

"तू वाच," डिलिस कुंपणापलीकडून म्हणाली.

मी त्याच्या खांद्यावरून कागद पाहिला. अकरावा कागद. वारसाच्या जागी माझं नाव होतं, अगदी बरोबर. मृताच्या जागी मात्र अंमलबजावणी करणाऱ्याचं नाव पडलं होतं.

दहा कागद मी सुधारले होते. त्याच्या कानाशी ओरडलो असतो तर कदाचित त्याला ऐकूही गेलं असतं.

मी गप्प बसलो.

त्यानं आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं तीनदा टकटक केलं आणि घाईघाईत वाचलं. घाईत वाचणारा माणूस नाव ऐकत नाही, ओळ संपवतो. "लायनेल पार्डो मरण पावले आहेत. आता तुमचे मालक एनॉक बेडोज."

अकराही पेट्यांची गुणगुण थांबली.

माझ्या पायांना दंवाचा गारठा लागला. घराकडे फ्लॉस आनंदानं भुंकायला लागली.

पार्डोनं कागद पुन्हा पाहिला. "अरेच्चा! चुकलं वाटतं. दुरुस्त करून आणतो."

"काय म्हणाला रे तो?" डिलिसनं मला विचारलं. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. "मला नीट ऐकू आलं नाही."

त्यानंतर बाग माझी झाली. किटली मी ठेवल्याशिवाय तापत नाही.

पार्डो शब्दाचा पक्का निघाला. दर गुरुवारी सकाळी येतो, नवा कागद घेऊन. मी खिडकीतून बघतो. परवा पेटीजवळ त्यानं कागद खाली ठेवला होता. मी जाऊन पाहिला. एकही चूक नव्हती. तो प्रत्येक पेटीपुढं उभा राहून मोठ्यानं वाचतो, अकरा वेळा. एक माशी हलत नाही.

मग बूट जपत, जपत, फाटकाकडे जातो. जपायची गरज नाही खरं तर. दंव जसंच्या तसं असतं.