हातभर अलीकडे

किनाऱ्याच्या कड्यावरचा सपाट माळ म्हणजे सडा; तिथल्या नियंत्रण-कक्षातून वृंदा गोठोस्कर पडद्यावर बघत होती. खारवीवाडीची घरं सरकमार्गावरून एकामागोमाग वर येऊन आपापल्या जोत्यांना टेकली होती. समुद्र आता दरवर्षी आत येत होता, म्हणून या खेपेला घरं कायमचीच सड्यावर यायची होती. त्यात वादळाने घाई केली. तरी चाल संथच ठेवलेली. चुलीवरचं कालवण हिंदकळू नये इतकी संथ.

शेवटचं एक घर अजून चढावर होतं. सुभद्रा पावसे यांचं.

"मॅडम," समुद्राचा पडदा सांभाळणारा अन्वर मुकादम म्हणाला, "एक नाव अजून समुद्रात आहे. पावसेकाकांची."

"फोन लाव त्यांना."

"लावला. काकींनी उचलला. काका देव्हाऱ्यापाशी चार्जिंगला ठेवून गेलेत."

"मग नाव आणेल की परत."

वाडीतल्या स्वयंनावा वादळात माणसाचं ऐकत नसत. सुकाणू आपोआप कुलूपबंद होई आणि नाव घराची पत्ताखूण धरून किनाऱ्याला लागे. पत्ताखूण म्हणजे घर कुठे आहे ते सतत सांगत राहणारा संदेश.

"आणेल," अन्वर म्हणाला. "पण घर वर टेकलं की खूण सड्यावरची होणार. नाव काय कडा चढून येणार आहे?"

वृंदाने मान वर केली. "टेकल्यावर खूण हाताने परत खालची करू."

"नियम तुमचाच आहे, मॅडम. घर एकीकडे नि खूण दुसरीकडे, असं राहू शकत नाही. खूण खाली नेली की घर एका झटक्यात तिच्या मागे जाणार. काकींसकट."

हे खरं होतं. त्याच भीतीने खूण निघताना बदलत नसत. तशी बदलली तर घर उडी मारून पोचलं असतं. मग वाटेतल्या टप्प्याटप्प्याला बदलून पाहिली, तर नावा प्रत्येक टप्प्याला तोंड फिरवायला लागल्या. शेवटी ठरलं, की घर टेकलं की मगच खूण बदलायची.

"म्हणजे सरकत असतानाच तेवढी घर नि खूण दोन ठिकाणी असायची मुभा," वृंदा सावकाश म्हणाली. "मग ते घर पोचताच कामा नये. थांबव."

"इथून नाही थांबत. तो हक्क घरातल्या माणसाचा. आतला दांडा ओढला की घर जागच्या जागी उभं राहतं, सोडला की पुढे निघतं. मधे उभं राहिलेलं घर यंत्रणेच्या लेखी सरकतच असतं."

वृंदाने कपाळावर हात मारला. सुभद्राकाकी आणि दांडा! मागच्या सरकाईत काकींनी आधी लोणच्याच्या बरणीसाठी घर थांबवलं, मग मांजरीसाठी, मग शेजारणीला काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून. मागची सगळी घरं खोळंबली. वृंदाने खाली जाऊन त्यांना चारचौघांत बोल लावले होते आणि पुन्हा दांड्याला हात लावणार नाही असं वदवून घेतलं होतं.

तिने फोन लावला. "काकी, दांडा ओढा!"

"कोण बोलतंय?"

"वृंदा. सड्यावरून."

"परीक्षा घेतेस होय माझी? शब्द दिलाय मी. हात मांडीखाली घेऊन बसलेय बघ."

"काकी, माझं चुकलं तेव्हा."

"चुकलं कसलं गो? अख्ख्या वाडीसमोर बोललीस. मांजरसुद्धा ऐकत होतं."

"जोतं दिसायला लागलं, मॅडम," अन्वर पुटपुटला.

"काकी, काका समुद्रावर आहेत. घर पोचलं, तर त्यांच्या नावेला परतायला पत्ताच उरणार नाही."

पलीकडून खाडकन आवाज आला. पडद्यावरचं घर जोत्यापासून हातभर अलीकडे थबकलं. खूण अजून किनाऱ्याचीच होती.

"काकी, दांडा आकड्यात अडकवून ठेवा. धरून बसायला नको."

"माहितेय मला आकडा." आवाज पार बारीक झाला होता. "मी धरूनच बसते."

फोन कुणी बंद केला नाही. समुद्राच्या पडद्यावरचा ठिपका लाटांत नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. किनाऱ्याला लागला तेव्हा अन्वरने खुर्चीतच अंग सोडून दिलं. बऱ्याच वेळाने फोनमधून दार वाजलं, मागोमाग कडा चढून आलेल्या काकांचा आवाज.

"उघड गो! आणि हे काय, जोत्यावर घेतलं नाहीस घर? किती लांब टाकायचा पाय?"

"टाका उडी. सकाळी फोन नेला असतात तर..." काकींचं पुढचं वाक्य मोडलं. मग त्या चिखलाच्या पायांवरून ओरडायला लागल्या.

अन्वर डोळे पुसत हसला. "सांगा आता त्यांना, सोडा म्हणावं दांडा."

वृंदा वर टेकलेल्या घरांकडे बघत होती. प्रत्येक घराची नाव खाली किनाऱ्याला बांधलेली होती.

"अन्वर, पुढच्या वादळात या सगळ्या नावा कुठे परतणार?"

वृंदाने फोन तोंडाशी धरला. "काकी, तेवढा आकड्यात अडकवा. आणि सोडू नका. कधीच."

वारा पडल्यावर एकेक घर पुन्हा खाली गेलं, किनाऱ्याला टेकलं, त्याची खूण तिथली झाली आणि ते वर येऊन जोत्यापासून हातभर अलीकडे थांबलं. दांडा कुठल्या क्षणी ओढायचा ते दाखवायला सुभद्राकाकी घरोघर फिरल्या. वृंदाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, टोमणेही सोडले नाहीत.

आता सड्यावर तुळशी रुजल्यात, मांजरीला पिल्लं झालीत. पाहुणे दारातल्या फटीला हमखास ठेचकाळतात. यंत्रणेच्या नोंदीप्रमाणे मात्र खारवीवाडीतलं एकही घर अजून पोचलेलं नाही. सगळी वाडी वाटेत आहे, म्हणून समुद्रावर गेलेली माणसं घरी येतात.