गाइडकडे एकच जागा

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. मी भुताखेतांच्या नादी लागणारी नाही, लाइट गेली की आधी फ्यूज बघणारी आहे. तरी सांगते, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

आणि रात्रबित्र नव्हती. ऑगस्टमधला शुक्रवार, भर दुपार, विद्यापीठाच्या इमारतीचा तिसरा मजला.

धाकटीला पीएचडीला प्रवेश मिळाला होता. कोर्स तिने डोकं न लावता निवडले, ताईने मागे सांगितलेलेच. आता गाइड ठरायचा होता. संध्याकाळपर्यंत कोणाचा होकार मिळाला नाही, तर प्रवेश रद्द.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. प्रवेश परीक्षा दोघींनी बरोबरच दिली होती. मार्चमध्ये ताई अपघातात गेली. निकाल लागला तेव्हा एकच उरली होती.

धाकटी रडली नाही. जेवायची, झोपायची, विचारलं तर "बरी आहे" म्हणायची. नव्या गावात तिने बहिणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पहिल्या मॅडम म्हणाल्या, "बसा ना. अजून एक खुर्ची ओढून घ्या की."

धाकटीला वाटलं, सवयीने म्हणाल्या असतील. त्यांच्याकडे जागा नव्हती.

दुसरे सर बोलत होते, पण तिच्याकडे बघून नाही... तिच्या डाव्या बाजूला बघून.

मध्येच म्हणाले, "नाही, ते पुस्तक आता मिळत नाही."

तिने काहीच विचारलं नव्हतं.

त्यांनीही हात वर केले. दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. धाकटीला काहीच वाटलं नाही. ती पुढच्या दारावर टकटक करून आत गेली.

या तिसऱ्या सरांसाठीच तर दोघींनी इथे अर्ज केला होता. त्यांच्याकडे एकच जागा उरली होती. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. धाकटी एकीवर बसली.

सर विचारत होते, ती नुसतं हो-नाही करत होती.

मग सर थांबले... शेजारच्या खुर्चीकडे वळले... आणि हसले.

"वा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. सर मात्र बोलत राहिले. मान डोलावत, वाद घालत. मध्येच गप्प व्हायचे... कोणीतरी उत्तर देईपर्यंत.

शेवटी ते धाकटीला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. मी तुमच्या बहिणीला घेतो."

धाकटीला राग आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं, ते हे. शाळेपासून पहिला नंबर ताईचा. आता मेल्यावरसुद्धा ताईचाच.

"सर, ती मार्चमध्येच वारली."

पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज येईनासा झाला.

शेजारची खुर्ची मागे सरकली... सावकाश, मोठ्यांसमोरून कोणी उठावं तशी.

दार उघडलं नाही. पावलं वाजली नाहीत.

सर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मग म्हणाले, "आपण काय बोलत होतो? हां... जागा आहे माझ्याकडे. सोमवारपासून या."

धाकटीचं काम आता छान चाललंय. हे सगळं तिने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तसं. मी म्हटलं, दमली असशील, भास झाला असेल.

"भीती नाही गं वाटत," ती म्हणाली. "इतके दिवस ती माझ्यासोबत होती आणि मला पत्ताच नव्हता. कळलं, तेव्हा मीच तिला तिथून उठवलं."

हल्ली तिचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो.

"मागे कोणाचा आवाज येतोय का गं?"

"नाही," मी म्हणते.

"नीट ऐक ना."

मी नीट ऐकते. खरंच काही येत नाही. ती लगेच फोन ठेवत नाही, मीही ठेवत नाही... आणि त्यानंतर मला खोलीत एकटीने बसवत नाही.